मागच्या दारानं

हर्षल मागच्या दारानं आत आला तेव्हा मी कुलरच्या टाकीत तिसरी बादली ओतत होते. साडेदहा होऊन गेले होते. अकोल्याचा मे महिना. त्या वेळेला अंगणातल्या फरशीवर पाय टेकवत नाही, आणि हा अनवाणी होता.

"चपला कुठं गेल्या?" मी विचारलं.

त्यानं स्वतःच्या पायांकडे बघितलं, दुसऱ्या कुणाचे असावेत तसं, आणि हसला. "मावशी, पाणी दे ना."

मी बादली खाली ठेवली. तो मला 'दे' म्हणत नसे, 'द्या' म्हणे. त्याची आई सुनंदा तो नऊ वर्षांचा असताना गेली. तीन वर्षांनी भास्कररावांशी लग्न करून मी त्या घरात आले. मला मावशी म्हणायचं हे त्याच्या आजीनं ठरवून दिलं होतं, आणि अहो-जाहो करायचं हे त्याचं त्यानं. अकरा वर्षांत त्यात कधी चूक झाली नव्हती. येतो, जेवलात का, किल्ली खिळ्याला लावली आहे. घरी आलेल्या पाहुण्या बाईशी बोलावं तसं नीट बोलायचा तो माझ्याशी.

मी तांब्या भरून दिला. त्यानं एका दमात संपवला आणि पुन्हा पुढं केला. त्याचा जबडा सारखा हलत होता, तोंडात काही नसताना चघळत असल्यासारखा. डोळ्यांतल्या बाहुल्या इतक्या पसरल्या होत्या की डोळे नुसते काळेच दिसत होते. काय ते मी ओळखलं. पाच महिने मी ह्याच गोष्टीला भीत होते.

जानेवारीत भास्कररावांनी त्याला पुण्याहून परत आणलं होतं. डिप्लोमा करून तिथं एका कारखान्यात लागला होता. शनिवार-रविवारी मित्रांबरोबर मौज म्हणून आधी गांजा, मग गोळ्या. सोमवारी उठणं होईना, तशी नोकरी गेली. घरमालकाचा फोन आला तेव्हा आम्हाला कळलं. भास्करराव पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते. माणूस वाईट नाही, पण घाबरला की कडक होतो. घरात पाऊल टाकायच्या आधी, फाटकातच त्यांनी हर्षलला सांगितलं, ह्या घरात राहायचं तर एकच नियम. पुन्हा असलं काही घेतलंस तर त्याच दिवशी तुझी बॅग बाहेर. हर्षलनं मान हलवली.

त्यानंतर आम्ही दोघंही त्याच्यावर नजर ठेवून जगत होतो. भास्करराव संध्याकाळी आले की त्याच्याशी मुद्दाम ट्यूबलाइटखाली उभं राहून बोलत, कारण डोळे बघायचे असत. मी धुण्यात टाकलेले त्याचे शर्ट हुंगायची. तो बाहेर असला की फाटकाकडे तोंड करून भाजी निवडायची. त्यालाही हे सगळं कळत असणार. तरी बरं चाललं होतं. पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायच्या एका दुकानात तो जायला लागला होता, जेवण सुधारलं होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी मित्राच्या शेतावर जातो, सकाळी येतो म्हणाला, तेव्हा भास्कररावांनी बराच वेळ त्याच्याकडे बघितलं आणि जा म्हणाले.

आता तो स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून खाली बसला होता आणि बोलत होता. थांबतच नव्हता. फरशी किती गार आहे, कुलरचा आवाज किती छान आहे, मी किती चांगली आहे. त्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले.

"तुला एक सांगू का? शाळेत असताना तुझा डबा मी कधीच खाल्ला नाही. रोज देऊन टाकायचो. वास इतका मस्त यायचा मावशी, पोरं तुटून पडायची. पण मी खाल्ला असता तर आईला वाटलं असतं, हा मला विसरला."

डबा रोज चाटूनपुसून रिकामा यायचा. त्या रिकाम्या डब्यावर मी कितीतरी वर्षं समाधान मानलं होतं. हे तो बोलत नाही, पोटातली गोळी बोलते आहे, एवढं मला कळत होतं. तरीसुद्धा मी हात सोडवून घेतले नाहीत. त्या नादात त्याचे तळवे किती तापलेत हे पाच मिनिटं उशिरा माझ्या लक्षात आलं.

"आणि बाबांना सांगू नको," तो म्हणाला. "शपथ नको घेऊस. नुसतं म्हण."

"नाही सांगणार," मी म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यानं माझ्याजवळ काही मागितलं नव्हतं. पहिल्यांदाच मागत होता.

थर्मामीटर लावला तर एकशे तीनच्या वर. मी त्याला कुलरसमोर आडवं केलं आणि डॉक्टर तायडेबाईंना फोन लावला. त्यांचा छोटा दवाखाना आमच्या घरापासून चार गल्ल्यांवर होता. त्यांचे यजमान आणि भास्करराव एका वर्गातले, म्हणजे बाईंना जे कळेल ते संध्याकाळपर्यंत भास्कररावांना कळणार. मी सांगितलं, हर्षलला ऊन लागलंय. बाईंनी चारदोन प्रश्न विचारले. मी खोटी उत्तरं दिली. त्या म्हणाल्या, अंग ओल्या फडक्यानं पुसत राहा, भरपूर पाणी पाजा, तासाभरात ताप उतरला नाही तर घेऊन या.

मी तसंच केलं. तो तांब्यामागून तांब्या पीत गेला. मी पंचा भिजवत होते, पिळत होते, त्याच्या छातीवर, मानेवर ठेवत होते. पंचा ठेवल्याठेवल्या कोमट होई. मधेच मी उठून पुढच्या दाराला कडी घातली. कुणी शेजारीण डोकावू नये म्हणून. ते आठवलं की मला अजून स्वतःची लाज वाटते, कारण तेवढ्या वेळात मी रिक्षा बोलावू शकले असते.

पाऊण तासानं त्याचं बोलणं बंद झालं. आधी मला बरं वाटलं, म्हटलं लागला डोळा. पण डोळे उघडे होते. पोटऱ्या लाकडासारख्या ताठ झाल्या होत्या आणि हनुवटी थडथडत होती. मी हाक मारली तेव्हा त्यानं माझ्याकडे बघितलं आणि अगदी अदबीनं विचारलं, "आई कुठं गेली?"

"हर्षल, मी मावशी."

"तुम्ही कोण?"

मी पुन्हा थर्मामीटर लावला. पारा एकशे पाचला टेकला होता. मी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि किती घेतल्या, कधी घेतल्या, असं त्याच्या कानाशी ओरडून ओरडून विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर तो थोडा भानावर आला. दोन, म्हणाला. पहाटे. मी फोन उचलला तसा त्यानं माझं मनगट पकडलं.

"तू नाही म्हणाली होतीस."

त्याच्या बोटांत तेवढी ताकद कुठून आली कोण जाणे. मी एकेक बोट सोडवलं, आणि त्याच्या डोळ्यांसमोर फोन लावला. "डॉक्टर, मघाशी मी खोटं बोलले. त्यानं नशेच्या गोळ्या घेतल्यात. दोन, पहाटे. मधेमधे तो मला ओळखतही नाही."

तायडेबाई एकही वावगा शब्द न बोलता म्हणाल्या, "पाणी पाजणं आत्ताच्या आत्ता बंद करा. ह्यात जास्तीचं पाणीही घात करतं. ओल्या चादरीत गुंडाळा आणि आणा. मी दारात उभी राहते."

कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यानं आणि मी मिळून त्याला रिक्षात घातलं. रसवंतीवाल्यानं न विचारता बर्फाची अर्धी लादी गोणपाटात बांधून दिली. चार गल्ल्या. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बाई खरोखरच उभ्या होत्या, सोबत दोन नर्स.

पुढचे दोन तास मी व्हरांड्यातल्या बाकावर काढले. आतून बर्फ फोडल्याचा आवाज येत होता. एक नर्स धावत बाहेर आली, काहीतरी घेऊन परत गेली. एकदा त्याचं ओरडणं ऐकू आलं, मग तेही थांबलं. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा पदर भिजलेला होता. ताप उतरतोय, म्हणाल्या. अजून अर्धा तास घरी थांबला असतात तर काय झालं असतं ते मला विचारू नका. मोठ्या दवाखान्यात हलवावं लागेल असं वाटलं होतं, पण आता वाटत नाही.

मग त्या माझ्याशेजारी बसल्या. "कागदावर मी खरं तेच लिहिणार, शैलाताई. पण भास्कररावांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. ऊन लागलं म्हणालात तर मी खोडून काढणार नाही."

त्यांना आमच्या घरातला नियम माहीत होता. म्हणजे तो सगळ्यांनाच माहीत होता.

कागदासारख्या पांढऱ्या पडलेल्या त्या पोराला मी खिडकीतून बघितलं. आज वाचला. उद्या घरी येणार. मग त्याला कोण बघणार? मी एकटी? दर शनिवारी पुढच्या दाराला कडी घालून? मी भास्कररावांना फोन लावला. ते कालव्याच्या कामावर होते, मागं यंत्राचा आवाज चालला होता. मी सांगितलं, हर्षल तायडेबाईंकडे आहे, त्यानं गोळ्या घेतल्या होत्या, ताप उतरतोय. ते एवढंच म्हणाले, "येतो."

दोनच्या सुमारास आले. अंगावर धूळ, कानशिलांवर घामाचे ओघळ. पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. हर्षल झोपेत होता. त्यांनी त्याला हात लावला नाही. बाईंना जिवाला धोका आहे का एवढं विचारलं, नाही म्हटल्यावर वळले आणि मोटारसायकल काढून निघून गेले. कुठं, ते मला सांगितलं नाही.

चारच्या पुढं हर्षल जागा झाला. नर्स त्याच्या तळपायांना मलम लावत होती. दोन्ही तळव्यांवर मोठमोठे फोड आले होते. चपला शेतावरच राहिल्या, तो पुटपुटला. मित्रानं गाडीनं चौकात सोडलं आणि तो पळाला.

"चौक तर जवळ आहे," मी म्हणाले. "तेवढ्यात इतके फोड आले? किती वाजता सोडलं?"

"आठ वाजता."

मला कळेना. घरी तर तो साडेदहानंतर आला होता. मी विचारलं, मग मधे कुठं होतास.

"मागच्या प्लॉटवर," तो म्हणाला. "भिंतीला टेकून बसलो होतो. बाबांची गाडी होती अंगणात."

आमच्या घरामागं एक रिकामा प्लॉट होता. बांधकाम अर्धवट सोडलेला, एक झाड नाही, नुसता मुरूम आणि सळया. तिथं तो अंगात ती गोळी घेऊन अडीच तास उन्हात बसला होता. वडील घराबाहेर पडण्याची वाट बघत.

तायडेबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, ताप एवढा चढला तो ह्या उन्हानंच. बाकावर माझी पिशवी होती ती उचलून मी घरी निघाले. त्याचे कपडे आणायचे होते. दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत हर्षलची बॅग उभी होती आणि भास्करराव पलंगावर बसून तिच्यात न मावलेले दोन शर्ट घड्या घालून पिशवीत भरत होते. इतक्या नीट घड्या त्यांनी कधी घातलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. माझ्याकडे न बघता म्हणाले, बरा झाला की अमरावतीला त्याच्या मामाकडे पाठवतो. बोललो आहे मामाशी. शब्द म्हणजे शब्द. आज सोडलं तर तो उद्या हेच करील.

लग्नानंतर मी त्यांना कधी उलटून बोलले नव्हते. हर्षलच्या बाबतीत तर नाहीच. तुमचा मुलगा, तुम्ही बघा, असंच माझं धोरण होतं. त्यात सोयही होती.

"आज तुम्ही किती वाजता निघालात?" मी विचारलं.

"का?"

"सांगा ना."

"दहा-सव्वादहा. रोज आठला निघतो. आज कुलरचा पंप बंद पडला होता, तो सुधारत बसलो."

"तो आठला आला होता. मागच्या प्लॉटवर बसला होता. तुमची गाडी दिसली म्हणून आत आला नाही. तुम्ही पंप सुधारत होतात तेव्हा तो भिंतीपलीकडं होता."

त्यांचे हात थांबले.

"गोळीनं ताप येतो," मी म्हणाले. "पण तायडेबाई म्हणाल्या, एवढा चढला तो उन्हानं. आणि उन्हात तो आपल्या नियमानं बसला. मीसुद्धा त्या नियमाला भिऊन डॉक्टरांशी खोटं बोलले, तास घालवला. तुम्ही आज त्याला बाहेर काढलंत तर पुढच्या वेळी तो मागच्या दारानंही येणार नाही. आणि मी तुम्हाला फोन करणार नाही. मग जे होईल ते तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळेल."

माझा आवाज चढला नव्हता. उलट इतका बारीक झाला होता की मला वाटलं, ऐकू तरी गेलं का. ते शर्टाकडे बघत बसून राहिले. शेवटी मी पुढं होऊन त्यांच्या हातातला शर्ट घेतला, पिशवीतला दुसरा घेतला, बॅगेतून एक पायजमा काढला आणि दवाखान्यात परत गेले. मागं वळून बघायचं मला धैर्य झालं नाही.

दुसऱ्या दिवशी ते रिक्षा घेऊन दवाखान्यात आले. हर्षलला पायरी उतरताना त्यांनी काखेत हात घालून धरलं, कारण त्याला पाय टेकवत नव्हते. घरी आल्यावर त्याचे कपडे कपाटात होते, पूर्वीसारखे. त्याविषयी आमच्या घरात कधीच कुणी काही बोललं नाही.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. पहिला आठवडा हर्षल भिंतीकडे तोंड करून पडून असे. अन्नाला चव नव्हती, रडू आलं की थांबत नसे. भास्करराव रजा काढून घरी राहिले. मुलाशी काय बोलायचं ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून ते त्याच्या खोलीत खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आणि मधेच एखादी बातमी मोठ्यानं वाचून दाखवत. तायडेबाईंनी नागपूरच्या एका डॉक्टरांचं नाव दिलं. दर पंधरा दिवसांनी भास्करराव त्याला बसनं तिकडे नेऊ लागले.

माझ्याशी हर्षल बोलेना. मी शब्द मोडला होता. एकदा ताट ठेवायला गेले तेव्हा त्यानं एवढंच म्हटलं, "तुम्ही नाही सांगणार म्हणाला होतात." पुन्हा 'तुम्ही'. मी म्हटलं, हो, म्हणाले होते. आणि ताट ठेवून आले. माफी मागितली असती, पण पुन्हा तसंच झालं तर पुन्हा तसंच करणार होते, मग माफी कसली मागायची?

श्रावणात कधीतरी तो आपण होऊन स्वयंपाकघरात आला. त्या दिवशीचं फारसं आठवत नाही, म्हणाला. मी काय काय बोललो?

"काही नाही," मी म्हणाले. "फरशी गार आहे म्हणत होतास."

मग पोळ्यांचा डबा त्यानं आपणच उचलून बाहेर नेला.

त्याला आता बरीच वर्षं झाली. हर्षल नागपूरला असतो, पंपाच्या मोटारींचं स्वतःचं दुकान आहे, बायको शाळेत शिकवते. मला अजूनही अहो-जाहो करतो. पण हे सगळं त्या मे महिन्यातल्या दिवसानं झालं असं कुणाला वाटू नये म्हणून त्याच वर्षीच्या डिसेंबरातलं सांगते.

रविवार होता. भास्करराव अंगणात आरसा टांगून दाढी करत होते. त्यांचा फोन वाजला. मी दारात तांदूळ निवडत होते, मला त्यांचं बोलणं तेवढं ऐकू आलं.

"हं," ते म्हणाले. मग बराच वेळ ऐकत राहिले. "किती?" पुन्हा ऐकलं. "कोण आहे बरोबर? बरं. तिथंच थांब. कुठं हलू नको. मी निघालो."

त्यांनी वस्तरा बशीत ठेवला, खुंटीवरचा शर्ट अंगात घातला आणि गाडीला किक मारली. हर्षलचा होता, जाताजाता मला म्हणाले. त्यानं घेतलंय. त्यानंच सांगितलं.

पाऊण तासात त्याला घेऊन आले. ताप नव्हता, नुसता थरथरत होता आणि खाली मान घालून होता. भास्कररावांनी त्याला पलंगावर निजवलं, डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितलं तसं घोट घोट पाणी दिलं आणि खुर्ची ओढून बसले. एक शब्द विचारला नाही. मी दोनदा जेवायला बोलवायला गेले, ते हातानंच नको म्हणाले.

दिवस कलताना हर्षलला जाग आली. मी चहा घेऊन दाराशी पोचले होते. तो किती तरी वेळ वडिलांकडे बघत होता. त्यांच्या एका गालावरचा साबण वाळून त्याच्या पांढऱ्या खपल्या झाल्या होत्या.

"बाबा," तो म्हणाला, "तुम्ही अर्धीच दाढी केलीय."

"हो," भास्करराव म्हणाले. "तुझा फोन आला ना."